आकडा कुठून आला?

"हा ३९.२ कुठून आला गं?"

मॅडमनी फोनवर सहज विचारलं होतं. आमचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाने तेवढी एकच शंका काढली होती, बाकी सगळं त्याला पटलं होतं. "बघून सांगते," म्हणाले आणि फाइल उघडली. पुढचे तीन दिवस त्या एका आकड्यापायी गेले.

धुळीत काम करणाऱ्या लोकांच्या फुफ्फुसांचा तो अभ्यास होता. प्रत्येकाचं वय, उंची, कामाची वर्षं, जुना खोकला आहे की नाही, आणि पीक फ्लो, म्हणजे छाती भरून श्वास घेऊन एका झटक्यात फुंकर मारली की हवा किती वेगाने बाहेर पडते त्याचं माप. सुरुवातीला ४१२ नोंदी होत्या. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की ६ जणांच्या नोंदी दोनदा चढल्यात, आणि सहाही जण खोकला नसलेल्यांपैकी. म्हणजे १५९ भागिले ४१२ ऐवजी १५९ भागिले ४०६. ३८.६ टक्क्यांचे ३९.२ झाले. फरक एवढासाच, पण तो आकडा सारांशात होता, निष्कर्षात होता, तिसऱ्या तक्त्यात होता आणि दोन आलेखांच्या मथळ्यांतही होता. रात्री बसून एकेक जागा शोधून बदलली. सारांशातली राहिली. ती मॅडमच्या पेन्सिलीला सापडली, दुरुस्त झाली, विषय संपला असं वाटलं.

आठ महिन्यांनी परीक्षकाची शंका आली. तोच तक्ता उघडून, मला आठवत होते तेच फिल्टर लावून मी पुन्हा मोजलं, तर उत्तर आलं ३८.९. पुन्हा केलं, पुन्हा ३८.९. या वेळी १५६ भागिले ४०१ होत होतं. पाच माणसं कुठे गेली ते मला कळेना. फोल्डरमध्ये 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन मॅडम' अशा फाइली होत्या आणि प्रत्येकीत थोडा थोडा फरक होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उलगडा झाला. पाच जणांच्या वयाचा रकाना रिकामा होता. आठ महिन्यांपूर्वी मी वयाला फिल्टर लावला नव्हता, आता लावला होता, आणि रिकामे रकाने त्यात गुपचूप गळले होते. त्या पाचांतल्या तिघांना खोकला होता. हिशेब जुळला.

मूळ आकडा बरोबरच होता. तरीही मला हायसं वाटलं नाही. तो मी काढला होता, माझ्या नावावर छापला जाणार होता, आणि तो कसा काढला हे माझ्याखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माउसच्या क्लिकांनी केलेलं काम बोटांबरोबरच निघून गेलं होतं. आकडा कागदावर उतरवला त्या क्षणी त्याची नाळ तुटली होती.

त्यानंतर मी ठरवलं की अहवालात एकही आकडा हाताने लिहायचा नाही. आता त्याला बरीच वर्षं झाली. या लेखात त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी वापरते ते 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेसाठीचं 'आर मार्कडाउन', आणि अलीकडे त्याचं धाकटं भावंड 'क्वार्टो'. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एक साधी मजकुराची फाइल असते. वर चार ओळींत शीर्षक, लेखक आणि शेवटी काय तयार करायचं आहे, वेबपान, वर्ड की पीडीएफ, ते लिहायचं. खाली नेहमीसारखं गद्य. गद्यात मध्येमध्ये तीन तिरक्या खुणांच्या चौकटीत कोडचे तुकडे बसवायचे. त्यांना आम्ही चंक म्हणतो. एका चंकमध्ये माहितीची फाइल वाचली जाते, दुसऱ्यात दुबार नोंदी निघतात, तिसऱ्यात आलेख काढला जातो. बटन दाबलं की यंत्र वरून खाली एकेक चंक चालवतं आणि त्याच्या जागी त्याचं उत्तर ठेवतं, मग तो तक्ता असो वा आलेख. त्यातून तयार झालेला मजकूर पॅनडॉक नावाचा प्रोग्राम हव्या त्या रूपात बदलून देतो. त्या बटनावर 'निट' असं लिहिलेलं असतं, इंग्रजीतलं विणणं. आमच्या गटातल्या मराठी मंडळींनी मात्र त्याला कधीच मराठी करून टाकलंय. "पाठवायच्या आधी नीट केलंस ना?" असं विचारलं की दोन्ही अर्थ एकदम पोचतात.

हे विणकाम जुनं आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाने एक कल्पना मांडली. प्रोग्राम यंत्राला हुकूम द्यायला लिहायचा, ही सवय मोडून माणसाला समजावून सांगायला लिहावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या व्यवस्थेचं नावच 'वेब', आणि तिच्यात दोन प्रोग्राम होते. एकाच फाइलमधून 'वीव्ह' माणसासाठी वाचनीय दस्तऐवज विणायचा आणि 'टँगल' यंत्रासाठी कोड वेगळा काढायचा. माणसासाठी विणलेलं वस्त्र आणि यंत्रासाठी गुंता, ही वाटणी मला फार आवडते. फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये तोच धागा संख्याशास्त्राकडे आणला. त्यांच्या 'एसवीव्ह'मुळे आरचा कोड लेटेक या छपाईची मांडणी करणाऱ्या प्रणालीच्या दस्तऐवजात बसू लागला. दहा वर्षांनी यिहुई शिये यांचं 'निटर' आलं, २०१४ मध्ये त्यावर उभं राहिलेलं 'आर मार्कडाउन' आलं, आणि २०२२ मध्ये 'क्वार्टो', ज्यात आरबरोबर पायथन आणि ज्युलिया या भाषाही चालतात. पायथनच्या बाजूला फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयपायथन'मधून २०१४ मध्ये 'जुपिटर' निघालं. नावं बदलत गेली, धागा एकच राहिला.

पण हे सगळं वाचून माझी सवय बदलली नसती. बदलली ती एका ओळीने.

चंकमध्ये आलेख काढता येतो हे कुणालाही पहिल्या दिवशी कळतं. वाक्याच्या आतसुद्धा हिशेब करता येतो हे मला बरंच उशिरा कळलं. 'खोकला असलेल्यांचं प्रमाण' एवढं लिहायचं, मग बॅकटिकची ती तिरकी खूण, आर हे अक्षर, हिशेब, पुन्हा तीच खूण, आणि पुढे 'टक्के होतं'. फाइल नीट केली की तिथे ३९.२ येतो. उद्या दोन नोंदी गळल्या की तिथेच नवा आकडा येतो. सारांशात, निष्कर्षात, मथळ्यात, सगळीकडे एकाच वेळी. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुद्दाम माहितीच्या फाइलच्या प्रतीतून दहा ओळी काढून टाकल्या आणि पुन्हा बटन दाबलं. वाक्यं तीच, आकडे नवे. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. वाक्याला स्वतःचा हिशेब येत होता.

सारांशातला तो राहून गेलेला ३८.६ या पद्धतीत राहूच शकत नाही. तो शोधून बदलायची वेळच येत नाही, कारण तो कुणी लिहिलेलाच नसतो.

इथे एक अडचण मात्र येते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. आकडा बदलतो, शब्द बदलत नाहीत. '३९.२ टक्के, म्हणजे दर पाचांत जवळपास दोघे' असं मी एका अहवालात लिहिलं होतं. पुढच्या फेरीची माहिती आली, आकडा आपोआप घसरून ३१ च्या आसपास गेला आणि वाक्यात 'दर पाचांत जवळपास दोघे' तसंच राहिलं. 'निम्म्याहून अधिक', 'किंचित वाढ', 'फारसा फरक नाही' हे शब्दही त्या त्या वेळी आकडे पाहूनच लिहिलेले असतात, पण त्यांना कुणी हिशेबाशी बांधलेलं नसतं. तेव्हापासून अशा प्रत्येक वाक्याच्या शेजारी एक छोटा चंक ठेवते. छापील प्रतीत तो दिसत नाही. त्यात 'स्टॉपइफनॉट' हे फंक्शन असतं आणि एक अट असते: प्रमाण ३८ ते ४२ च्या मधलं असलं पाहिजे. नसेल तर दस्तऐवज तिथेच थांबतो, तयारच होत नाही. मग मला त्या वाक्याकडे परत जावंच लागतं. शब्दांचीही नाळ जोडून ठेवायची असेल तर मला हाच एक उपाय सापडला आहे.

(किरकोळ वाटेल, पण सांगून ठेवते. ३९.०४ एका दशांशापर्यंत पूर्णांकित केला की आर नुसतं ३९ छापतं, ३९.० नाही. तक्त्यात शून्य आणि वाक्यात शून्य नाही, असं दिसतं. आकड्याचं रूप ठरवणारं एक छोटं फंक्शन सुरुवातीलाच लिहून ठेवावं आणि सगळीकडे तेच वापरावं.)

नीट करताना आणखी एक गोष्ट घडते, जी नवख्याला छळ वाटते. यंत्र नव्या, रिकाम्या सत्रात कामाला लागतं. तुम्ही सकाळपासून समोर जे काही करत होतात, नुसतं आजमावून पाहिलेलं, खाली कन्सोलवर, म्हणजे थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत, टाइप केलेलं, त्यातलं काहीही त्याला माहीत नसतं. त्यामुळे तुमच्यासमोर झकास चालणारा कोड तिथे अडतो: 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड'. मी पहिल्यांदा हा संदेश पाहिला तेव्हा यंत्रावर चिडले होते. दुबार नोंदी काढून मी जो नवा संच केला होता तो केला होता कन्सोलवर, फाइलमध्ये लिहायचाच राहिला होता. म्हणजे माझी जुनीच चूक, क्लिकच्या ऐवजी टाइप करून केलेली. फरक इतकाच की या वेळी ती आठ महिन्यांनी न कळता दोन मिनिटांत कळली. आता तो संदेश दिसला की मला बरं वाटतं. कुणीतरी हिशेब तपासत बसलंय याची ती खूण आहे.

जुपिटरच्या नोटबुकबद्दल माझं मत थोडं कडक आहे, ते याच कारणाने. त्यात कोड छोट्या चौकटींत, म्हणजे सेलमध्ये, लिहितात, आणि ते सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात. पाचवा, मग दुसरा, मग बदललेला पाचवा, मग तिसरा पुसून टाकायचा. पडद्यावर दिसणारी उत्तरं आणि वरून खाली लिहिलेला कोड यांचा एकमेकांशी संबंध राहीलच असं नाही, कारण पुसलेल्या सेलने केलेलं काम स्मृतीत तसंच असतं. २०१९ मध्ये जुआओ पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या चौदा लाखांहून अधिक नोटबुक गोळा करून अभ्यास केला. जी चालवून पाहता आली त्यातली जेमतेम २४ टक्के चुकीविना शेवटपर्यंत चालली, आणि साठवलेली उत्तरं पुन्हा जशीच्या तशी मिळाली ती फक्त ४ टक्क्यांमध्ये. कोड समोर आहे, उत्तर समोर आहे, आणि तरी कोडमधून ते उत्तर निघत नाही. चाचपडत विचार करायला नोटबुकइतकं सोयीचं काही नाही, मीही वापरते. पण दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू करून सगळे सेल क्रमाने चालवले नसतील, तर ते नोटबुक म्हणजे कच्चं टिपण समजावं.

स्टॅनफर्डमधले भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांना हे सगळं १९९० च्या सुमारासच उमगलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रबंध लिहून निघून जायचे आणि त्यांच्या आकृत्या पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा काढता यायच्या नाहीत. म्हणून त्यांनी सगळ्या दस्तऐवजांसाठी ठरावीक आज्ञा लावून दिल्या. 'मेक बिल्ड' म्हटलं की आकृत्या तयार व्हायच्या. आणि 'मेक बर्न' म्हटलं की त्या नष्ट व्हायच्या. बर्न, म्हणजे जाळा! नुसतं 'पुसा' म्हणता आलं असतं. या शब्दाची निवड मला नेमकी वाटते. स्वतःची आकृती जाळायला हात धजावत नसेल, तर ती पुन्हा काढता येईल याची आपल्यालाच खात्री नाही. क्लेअरबाउट यांच्या विचाराचं सार डेव्हिड डोनोहो आणि जोनाथन बकहाइट यांनी १९९५ मध्ये मांडलं, त्याचा मथितार्थ असा की छापलेला लेख म्हणजे संशोधन नव्हे, ती संशोधनाची जाहिरात. खरं संशोधन म्हणजे त्या आकृत्या जिच्यातून निघाल्या ती माहिती, कोड आणि सूचना.

हा काही प्रयोगशाळेतला सोवळेपणा नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधल्या निबंधात असं होतं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होती. काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने हा निबंध जगभर पुढे केला गेला. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातल्या गृहपाठासाठी तेच आकडे पुन्हा काढायला बसला आणि त्याचं उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी लेखकांनीच त्यांची एक्सेल फाइल त्याला पाठवली. सरासरीच्या सूत्रातली ओळींची निवड अर्धवट राहिली होती. वर्णानुक्रमातले पहिले पाच देश, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत, हिशेबात आलेच नव्हते. काही वर्षांची माहिती वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांवरही त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले, आणि हे सगळं धरून त्यांची सरासरी आली अधिक २.२ टक्के. लेखकांनी ओळींची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

मला त्या गोष्टीत सर्वांत जवळचा वाटतो तो हर्नडनचा जुळत नसलेला आकडा. पाच देश गळलेले त्याला दिसत होते का? नाही. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की समोर एक संख्या आहे आणि तिच्यापर्यंत जायला वाट नाही. माझे पाच रिकामे रकाने आणि त्या निबंधातले पाच देश यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण चूक एकाच जातीची आहे. निवड हाताने झाली, आणि कोणती निवड झाली हे कुठेच लिहिलं गेलं नाही.

दस्तऐवजात कोड बसवला म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. माझी सर्वांत वाईट फजिती दस्तऐवज वापरायला लागल्यानंतरचीच आहे.

एका विश्लेषणात एक चंक चालायला चाळीस मिनिटं लागायची. दर वेळी कोण थांबणार? म्हणून त्याला कॅशेचा पर्याय लावला. म्हणजे उत्तर एकदा साठवून ठेवायचं आणि चंकमधला कोड बदलेपर्यंत तेच वापरायचं. महिनाभराने माहितीची दुरुस्त फाइल आली, त्याच नावाची. मी जुन्या जागी ठेवली, नीट केलं, अहवाल पाठवला. निटर कॅशे तपासतं ते चंकचा कोड आणि त्याचे पर्याय बघून. कोड तोच होता. फाइलच्या पोटात काय बदललं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या भागातले तक्ते नवे, दुसऱ्या भागातले आलेख जुने, आणि मी मात्र छातीठोकपणे लिहिलेलं की सगळं पुन्हा चालवून पाहिलं आहे. एका तक्त्यातली बेरीज आलेखातल्या ठिपक्यांशी जुळेना तेव्हा हे बाहेर आलं. मला लाज वाटली, कारण या वेळी माझ्याकडे कसलंच निमित्त नव्हतं. आता कॅशे वापरायचाच असेल तर फाइलचा डिजिटल ठसा त्या चंकच्या पर्यायांत बांधते, म्हणजे फाइल बदलली की कॅशे आपोआप बाद होतो. आणि बाहेर पाठवण्याआधी कॅशेचं फोल्डर आणि आलेखांचं फोल्डर सरळ उडवते. मेक बर्न.

दुसरा दगा काळ देतो. यादृच्छिक निवड असेल तर सुरुवातीला 'सेट सीड' लिहून बीज ठरवून द्यायचं, म्हणजे दर वेळी तीच निवड होते, हे सगळे शिकवतात. पण २०१९ मध्ये आरच्या ३.६.० आवृत्तीत 'सॅम्पल' फंक्शनची आतली पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत खूप मोठ्या संचातून निवडताना थोडा कल पडत होता. बदल योग्यच होता. पण त्या दिवसापासून तेच बीज वेगळी निवड देऊ लागलं. माझा जुना दस्तऐवज नव्या संगणकावर कुरकुर न करता चालला आणि वेगळेच आकडे देऊन मोकळा झाला. म्हणून शेवटच्या पानावर 'सेशन इन्फो' छापायची, आरची आवृत्ती आणि प्रत्येक पॅकेजची, म्हणजे आरला जोडलेल्या तयार फंक्शनांच्या संचाची, आवृत्ती सकट. त्याहून बरं म्हणजे 'रेनव्ह'सारख्या साधनाने त्या आवृत्त्या प्रकल्पाबरोबरच टिपून ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर त्याच पुन्हा बसवता येतात.

मराठीत अहवाल करणाऱ्यांना एक वेगळाच त्रास आहे. आलेखाच्या अक्षांवर देवनागरी लिहिलं की कधी चौकोन दिसतात, कधी वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. मी आलेखांसाठी 'रॅग' हे पॅकेज वापरते, त्याला जोडाक्षरं कळतात. पीडीएफ करताना लेटेकचं झीलेटेक हे इंजिन निवडून देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. एवढं केलं की आलेखावर 'फुफ्फुस' हा शब्द अखंड उमटतो. त्या दिवशी मी तो आलेख छापून टेबलासमोर लावला होता.

माणसांचं म्हणाल तर मॅडमना ही पद्धत सुरुवातीला रुचली नाही. "ते सगळं ठीक आहे, पण मला वर्ड फाइल पाठव," म्हणायच्या. मी वर्डमध्ये करून पाठवायची, त्या तिच्यावर लाल दुरुस्त्या करून परत पाठवायच्या, आणि त्या मूळ फाइलमध्ये मला एकेक करून चढवाव्या लागायच्या. यावर आजही धड उपाय नाही. दुरुस्त्या बाहेरच्या प्रतीत होतात आणि आकड्यांचा उगम आतल्या प्रतीत असतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "मॅडम, तुम्ही वाक्य बदला, पण आकड्याला हात लावू नका." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी फाइल आली तेव्हा एका आकड्याशेजारी त्यांनी लिहिलं होतं: 'हा मला चुकीचा वाटतोय. मी बदललेला नाही. तू उगमापाशी बघ.' चूकच होती. उंची सेंटिमीटरऐवजी इंचात आलेल्या चार नोंदी होत्या. उगमापाशी बघ, हे शब्द मी आता नव्या मुलांना सांगताना वापरते.

आणि हो, पुन्हा तेच उत्तर येणं म्हणजे बरोबर उत्तर येणं नव्हे. त्या चार नोंदींचा चुकीचा हिशेब माझा दस्तऐवज दर वेळी इमाने इतबारे तसाच करत होता. पण चूक सापडल्यावर ती कुठल्या ओळीत शिरली आणि तिथून कुठे कुठे पोचली हे दहा मिनिटांत कळलं. क्लिकांच्या काळात यालाही तीन दिवस लागले असते.

कोडपेक्षा त्याच्या शेजारच्या गद्याला मी आता जास्त वेळ देते. काय केलं ते कोड सांगतोच, का केलं ते त्याला सांगता येत नाही. त्या पहिल्या अभ्यासात वय आणि पीक फ्लो यांचा एक आलेख होता. वय वाढतं तसे ठिपके हळूहळू उतरत जातात, आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक ठिपका एकटाच उभा असतो. वय ५८, पीक फ्लो मिनिटाला ७२० लिटर. त्या वयाच्या बाकी सगळ्यांच्या कितीतरी वर. असा ठिपका दिसला की पहिला विचार येतो टंकनाच्या चुकीचा, आणि तो गाळून टाकायला कोडची एक ओळ पुरते. आम्ही गाळला नाही. अख्खा अभ्यास दस्तऐवजात नव्याने बांधला तेव्हा त्या आलेखाच्या चंकवर मी एक परिच्छेद लिहिला. मूळ कागदी नोंद काढून पाहिली, माप तीनदा घेतलं होतं, तिन्ही वेळा ७०० च्या वर होतं, मोजणाऱ्याने शेजारी स्वतःहून खूण करून ठेवली होती, म्हणून ठिपका ठेवला आहे. तो धरून आणि वगळून दोन्ही रेषा काढून पाहिल्या, उतारात फारसा फरक पडत नाही. 'फारसा' या शब्दामागची अटसुद्धा तिथेच आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगा नव्याने रुजू झाला. त्याला काम शिकवायचं म्हणून तो जुना प्रकल्प त्याच्या संगणकावर उतरवला. आलेखांचं फोल्डर त्याच्याच हाताने पुसायला लावलं. त्याने दोनदा विचारलं, "नक्की पुसू ना, ताई?" मग नीट करायला सांगितलं. चंकांची मोजणी सरकत राहिली, अकरा, बारा, तेरा. मी त्याच्यामागे उभी होते आणि माझेच तळहात ओले झाले होते. पहिलं पान उघडलं. सारांशात ३९.२. तो खाली सरकवत गेला, आणि आलेखापाशी थांबला.

"ताई, हा वरचा ठिपका चुकून आलाय का?"

मी काहीच बोलले नाही. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग मूळ फाइल उघडली, त्या आलेखाचा चंक शोधला, आणि त्याच्या वरचा परिच्छेद वाचायला लागला.